‘चाळ ते ब्लॉक’चं न्याय्य मानधन

२ सप्टेंबर १९८४, रविवार
खेळ पक्का. नाव ‘चाळ ते ब्लॉक’. शंभर घरं, एक फासा. चाळीतून निघून स्वतःच्या ब्लॉकमध्ये आधी पोहोचेल तो जिंकला. कल्पना माझी. चित्रं आमच्या चाळीतला धाकू काढणार. गिरणी बंद पडल्यापासून तो वाकोल्यात पाट्या रंगवतो. खेळताना उचलायच्या चिठ्ठ्या वरच्या मजल्यावरच्या रत्नप्रभाबाई लिहिणार, रिटायर्ड शिक्षिका. घाटकोपरच्या खेळण्यांच्या व्यापाऱ्याने २९ तारखेला नमुना मागितलाय. मानधन अगदी न्याय्य देणार. दर उद्या ठरवतो.

५ सप्टेंबर
दर ठरला नाही. घाईत अन्याय होतो. धाकूला समजावलं की घरामागे द्यायचं की तासामागे, हा मूलभूत प्रश्न आहे. म्हणाला, माका कायय चलात, पण रंगाचे पैशे तरी आधी मिळाक होये. वीस दिले.

११ सप्टेंबर
बाईंच्या चिठ्ठ्या आल्या. ‘नळ गेला, एक डाव चुकवा.’ ‘गावाहून पाहुणे आले, तीन घरं मागे.’ झकास! खूप हसलो, मग धास्तावलो. चांगल्या चिठ्ठीला जास्त द्यायचं का? ऑफिसात बसून पॉइंटचा तक्ता केला: श्रम, कौशल्य, वेळ, निष्ठा. कल्पनेला शंभरातले साठ. कल्पना माझीच, त्यामुळे संकोच वाटला. पाच कमी केले.

१८ सप्टेंबर
शुभाने तक्ता पाहिला. म्हणाली, पाट्या रंगवून धाकूला दिवसाचे तीस सुटतात, तेवढे देऊन टाका ना. बायकोला तत्त्व कळत नाही. तक्ता पुन्हा केला.

२४ सप्टेंबर
वाट लागली. सत्त्याण्णव घरं रंगवून धाकूने हात आवरला. उरलेली तीन पैसे ठरल्यावर. ब्लॉकला दारच नाही! या कामापायी त्याने एका हॉटेलची पाटी सोडली म्हणे. मला सांगायचं तरी. (सांगितलं होतं. मी तेव्हा तक्ता करत होतो.)

२८ सप्टेंबर, संध्याकाळ
आमच्या खोलीत सभा. बाई म्हणाल्या, मला नंतर द्या, याला आज द्या. मी म्हटलं, हा पक्षपात होईल. उद्या अकराला व्यापारी! शेवटी म्हणालो, खेळ विकला की लगेच देतो, शब्द. धाकूने कुणाकडे न बघता तीन घरं रंगवली. ब्रश धुतला. चहा घेतला नाही.

२९ सप्टेंबर
व्यापाऱ्याने फासा हातातसुद्धा घेतला नाही. बोर्ड मात्र बराच वेळ बघत होता. चिठ्ठ्या वाचून दोनदा हसला. म्हणाला, खेळ नको, असे पुष्कळ येतात. चित्रं कोणाची? चिठ्ठ्या कोणाच्या? पत्ते लिहून घेतले. माझा विचारला नाही.
खेळ विकला गेला नाही, म्हणजे शब्दाप्रमाणे मी कुणाचं काही देणं लागत नाही. हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं.

१४ ऑक्टोबर, रविवार
सकाळी दारात धाकू. बाहेर निघालोय म्हणून सांगितलं. आत आलाच. व्यापाऱ्याने त्याला खोक्यांवरची चित्रं काढायला महिन्यावर ठेवलाय. बाईंना मुलांच्या कोड्यांचं पुस्तक दिलंय, शंभर रुपये आगाऊ. मी म्हटलं, वा, वा. तेवढ्यात त्याने खिशातून पन्नासाची नोट काढून माझ्यापुढे धरली. म्हणाला, तुमच्यामुळे काम गावलां, ह्यो तुमचो वाटो.
विचारलं, हा आकडा कसा काढलास?
म्हणाला, इचार कसलो, खिशात होते ते दिलंय.
मी त्याचं देणं लागतो, हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, दारात उभ्या शुभाला तर होतंच.
नोट घेतली. थँक्यू म्हणालो.