डावी बाजू

७ सप्टेंबर, रविवार

पाचवी हार! तीन-शून्य. स्टेडियमच्या कठड्याला टेकून पाहत होतो, नंतर पाहवेना. लोक कोचच्या नावाने ओरडत होते — "घरी जा!" त्या माणसाचा काय दोष? कालच सरावाच्या मैदानावर, म्हणजे माझ्या मैदानावर, हीच चाल दहा वेळा झाली. क्लबच्या इमारतीकडच्या नेहमीच्याच गोलवर. माझा भाचा डाव्या कडेने पळत जातो, रेषेजवळून बॉल उचलून गोलसमोर टाकतो. दहाच्या दहा बरोबर. आज प्रत्येक बॉल चार-पाच पावलं अलीकडे पडला.

खेळाडू माजलेत. दुसरं काही नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

बायकोशी वाजलं. ती म्हणते चूक कोचचीच, एकच चाल किती दिवस घोटायची? मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतं? मी रोज तिथे गवत कापतो. "मग गवताशीच लग्न करायचं होतं."

१३ सप्टेंबर, शनिवार

सराव संपल्यावर भाचा थांबला. कॅप्टन झाल्यापासून क्लबात मला मामा म्हणत नाही, आज म्हणाला. "मामा, इथे डोळे मिटून मारला तरी बॉल जागेवर जातो. तिथे जातच नाही. माझ्या पायाला काय झालंय?" म्हटलं, पायाला काही नाही, डोक्यात हवा गेलीय. त्याचा चेहरा एवढासा झाला. होऊ दे! ताईने लाडावून ठेवलाय.

१४ सप्टेंबर, रविवार

हरलो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सेक्रेटरींनी बोलावलं. चहा दिला, बसायला सांगितलं — एकवीस वर्षांत पहिल्यांदा! "रोजचा सराव तुम्ही पाहता. खरं सांगा, कोच की खेळाडू?" मी म्हटलं, साहेब, कोच जीव तोडून शिकवतात. "मग सामन्यात काय होतं?" जे वाटत होतं ते बोललो — सरावात जमतं, सामन्यात जमत नाही, म्हणजे कोणाला तरी जमवायचंच नाही. "कोणाला?"

डावीकडून कोण खेळतं ते त्यांना माहीत होतं. तरी मी नाव घेतलं. सख्ख्या भाच्याचं. बाहेर पडताना छाती फुगली होती, आपण नातं मध्ये आणलं नाही म्हणून. ताईला मात्र अजून फोन केलेला नाही. का ते कळत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

भाच्याला काढलं. नुसतं कॅप्टनपद नाही, संघातूनच. मुद्दाम हरवलं असा ठपका ठेवून! ताईचा फोन आला. "तू सांगितलंस?" हो म्हटलं. ती रडली नाही, भांडली नाही. फोन ठेवून दिला.

बायको ताईकडे जाऊन आली.

२८ सप्टेंबर, रविवार

परत हरलो. डावीकडे दुसऱ्याला खेळवला. आठवडाभर सरावात काय सुंदर बॉल टाकत होता! आज त्याचेही सगळे अलीकडेच. यालाही भाच्याने फितवला असणार. नाहीतर दुसरं काय?

३० सप्टेंबर, मंगळवार

कोचनाही नारळ दिला. सामान घेऊन निघाले, मुद्दाम माझ्या खोलीपाशी आले. "तुमचं मैदान मात्र फार चांगलं आहे हो." मला रडू आवरेना. या माणसाला खेळाडूंनी खाल्लं.

बायको कुंड्यांना पाणी घालता घालता म्हणाली, भाचा घराबाहेर पडत नाही. कोणी भेटायला गेलं तर आत निघून जातो. बूट देऊन टाकले. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जीव कशातच लागत नाही. क्लबात जावंसं वाटत नाही, घरी यावंसं वाटत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

नवे कोच आले. म्हणाले, सगळ्या रेषा मोजून नव्याने आखा. गोलच्या मधोमध फीत धरली. उजवीकडची कड चौतीस मीटरवर, स्टेडियमसारखीच. डावीकडची तीस.

परत मोजलं. तीसच.

मे महिन्यात तिथे पाण्याचा पाइप टाकत होते. खड्ड्यात कोणी पडू नये म्हणून रेषा मीच आत घेतली, काम झालं की बाहेर घेऊ म्हणून. खड्डा बुजला, गवत उगवलं, आणि मी दर आठवड्याला त्याच रेषेवर चुना ओढत राहिलो.

चप्पल घालून बसलोय. ताईच्या दारात गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं?