निळ्या काचेच्या दोन पेट्या

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा काच भाजून मोझेकचे तुकडे करणे, पूर्ण शुद्धीवर आणि पूर्ण रागात असताना हे मृत्युपत्र करते. कुणाचा दबाव नाही. डॉक्टरांनी शांत राहायला सांगितलं होतं, ते जमलेलं नाही.

१. राहतं घर, दोन खोल्या, आणि बँकेतली ठेव मुलीला.

२. काच तोडायची पक्कड मुलाला. "आई, झालं गेलं, सोडून दे ना आता," असं तो मला तीनदा म्हणाला. चौथ्यांदा म्हणावंसं वाटलं तर ती पक्कड हातात धरून म्हणावं.

३. निळ्या काचेच्या दोन पेट्या. हे कलम नीट वाचावं. नव्या ऑपेरा हाऊसच्या दालनातली तीन मजली निळी भिंत आम्ही चौदा जणांनी लावली. रंग माझ्या भट्टीतला, वरची अर्धी भिंत माझ्या नवऱ्याच्या हातची. चित्रकाराने कागदावर चित्र काढलं, बस्स. उद्घाटनाला मात्र माइकवर म्हणाला, "ही भिंत या दोन हातांनी उभी केली." मेल्याच्या त्या हातांना कधी सिमेंट लागलं नाही! पितळी पाटीवर त्याचं एकट्याचं नाव. आमचे हे विचारायला गेले, तर म्हणाला, "मजुरांची नावं कुठे लावत बसू?" ह्यांनी मरेपर्यंत त्या इमारतीत पाऊल टाकलं नाही. मला ते अजून सहन होत नाही.

आता भिंतीचे तुकडे गळतायत आणि तो निळा दुसरीकडे कुठेच मिळत नाही. गेल्या महिन्यात स्वारी धापा टाकत जिना चढून आली. "ताई, उरलाय का हो थोडा?" सव्वीस वर्षांनी ताई! मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

तर, चौदा नावांची पाटी लागली, ह्यांचं नाव पहिलं, आणि ती त्याने स्वतः माइकवर वाचून दाखवली, तरच पेट्या द्याव्यात. मुदत एक वर्ष. नाहीतर मुलीने ते तुकडे आपल्या न्हाणीघरात लावावेत. बाळे, तो रडकं तोंड करून येईल, पाघळू नकोस.

४. रंगाची कृती लिहिलेली वही कुणालाच नाही. ती आज सकाळी मी भट्टीत घातली.

स्थळ: भट्टीची खोली.
तारीख: उद्घाटनाला सव्वीस वर्षं झाली, तो दिवस.
सही: भट्टीवाली

साक्षीदार:
१. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर.
२. ऑपेरा हाऊसचा झाडूवाला. चौदातला सातवा. गळलेले तुकडे हल्ली रोज तोच गोळा करतो.