पापण्यांचं दुखणं

६ फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन. पित्ताशयातले खडे, दुर्बिणीतून काढणार. कर्जतलाच. हरेशनं रसायनीच्या कंपनीतून दोन दिवस सुट्टी काढली. बॅगही त्यानंच भरली. लग्नाला पाच वर्षं झाली, फारसं बोलतच नाही आम्ही. माझंच चुकतं. दिवे लागले की डोळे मिटायला लागतात, भाकरी थापताना हात गळतात. सासूबाई म्हणतात, हाडातच आळस हाय. असेलही! सकाळी अंगणवाडीत मुलांबरोबर नाचते ती मी, आणि संध्याकाळची ही कोण?

८ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही.

जाग आली तेव्हा तोंडात नळी होती. सगळं ऐकू येत होतं — ट्रे ठेवल्याचा आवाज, कुणीतरी चहाचं विचारत होतं. हात हलवायला गेले, हलेना. डोळे उघडेनात. ओरडावं तर आवाज नाही. वाटलं, मेले.

मग कपाळावर हात आला. भूल देणाऱ्या विनिता डॉक्टर. "जागृती, ऐकू येत असेल तुला. ऑपरेशन नीट झालंय. स्नायू सैल करायचं औषध दिलं होतं, ते अजून उतरलं नाही. त्याच्यावर उतारा दिलाय. तोवर श्वास मी देते. मी कुठं जात नाही."

गेल्या नाहीत. त्यांचा हात माझ्या हातात. बोट दाब म्हणायच्या, मी दाबायची — मनातल्या मनात. काही होईना. मग दहिवलीच्या त्यांच्या बागेतल्या अळूबद्दल सांगत बसल्या, पानं किती खाजतात ते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी बोट हललं. त्या म्हणाल्या, "शाब्बास गं!"

नळी निघाली. डोळे टक्क उघडले. छत, दिवा, नर्सची टिकली, सगळं लख्ख. दोन-तीन तासांनी पापण्या पुन्हा खाली.

९ फेब्रुवारी

डॉक्टर खाटेवर येऊन बसल्या. परवा उताऱ्यानं डोळे उघडले आणि नंतर मिटले, हे त्यांच्या मनातून जाईना. विचारत राहिल्या. संध्याकाळी एकाचे दोन दिसतात का? घास गिळताना अडकतो? केस विंचरताना हात खाली येतात? सगळ्याला हो. कुणी कधी विचारलंच नव्हतं. थकलेला स्नायू गारव्यानं सावरतो का बघू, म्हणाल्या, आणि रबरी हातमोज्यात बर्फ भरून डाव्या पापणीवर धरला. दोन मिनिटांनी आरसा दिला. डावा डोळा उघडा, उजवा अर्धा!

रक्त मुंबईला पाठवलं.

२० फेब्रुवारी

रिपोर्ट आला. मायस्थेनिया. नसांचा निरोप स्नायूंना नीट पोचत नाही, म्हणून थकत जातात. भुलीतलं औषध मला जड गेलं ते त्यामुळंच. उतारा तो निरोप पोचवतो, आणि त्याच जातीची गोळी रोज घ्यायची. या आजारात छातीतली एक ग्रंथी कधी कधी वाढलेली असते, म्हणून छातीचाही एक फोटो काढायचाय.

मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे आळस नाही?

"नाही गं. आजार आहे. आणि तू त्याच्यासकट पाच वर्षं भाकऱ्या थापल्यास."

तिथंच रडले. हरेश दाराकडं बघत उभा होता.

घरी त्यानं आईला समजावलं. मी परातीला हात लावला तर सासूबाई म्हणाल्या, "बस तू. मी थापते." मलाच वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

२४ फेब्रुवारी

गोळी सुरू होऊन चार दिवस. आज संध्याकाळी अंगणवाडीचं रजिस्टर लिहिलं. ओळ एकच दिसली!

१ मार्च

हरेश कंपनीतून आला. जेवायला समोर बसला. मी बघत होते त्याच्याकडं, तो घास हातात धरून थांबला. खाली बघत म्हणाला, "मला वाटायचं, मी समोर आलो की तू डोळं मिटतेस. मी आवडत नाय तुला."

पाच वर्षं! मी ताट बाजूला सारलं आणि त्याची हनुवटी वर केली.