ओटा हलणार नाही

२ मे, शुक्रवार
कडुनिंबाले अजून पालवी नाही. समता कॉलोनीतली बाकी सारी झाडं हिरवी झाली, आमच्या फाटकासमोरचं हे एकच खराट्यासारखं उभं आहे. कारण मले माहीत आहे. समोरच्या विमला दीदींचा एसी. गरम हवा सरळ झाडावर येते. मंजिरी म्हणे, एसी तर कितीक वर्षांपासून आहे, झाडाभोवतीचा ओटा तुम्ही मागच्या दिवाळीनंतर बांधला. नवऱ्याच्या विरोधात बोलायले लॉजिक लागत नाही.

३ मे
या झाडासाठी मी काय नाही केलं? बुंध्याले चिकटून पक्का ओटा. वरून टाईल्स. मातीचा कण दिसत नाही, इतकं साफ. बुंध्याले चुना, गेरूचा पट्टा. मोठा खिळा ठोकून बोर्ड लावला: 'पेड़ हमारे मित्र हैं. सौजन्य: श्यामकांत उमाळकर, रेल्वे (निवृत्त)'. आणि दीदींनी काय केलं? समोरून पाहून मान हलवली.

संध्याकाळी ओट्यावर बैठक. सुशील आणि कॉलोनीतली मंडळी. सुशीलनं रेल्वेच्या पासचे नियम विचारले. सविस्तर सांगितले. रिटायर झाल्यापासून घरात मले कोणी काही विचारत नाही. ओट्यावर विचारतात.

६ मे, दुपार
नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, हेल्पलाईनवर तक्रार टाकली. विषय: एसीद्वारे वृक्षहत्या. फोटो जोडला. फोटोत मी पण आहे, ओट्यावर बसलेला. गंधाली म्हणाली, पापा, मत भेजो, उल्टा पड़ेगा. मराठीत सांग म्हटलं, तर पोट्टीनं तेच पुन्हा हिंदीत सांगितलं, जोरात.

१४ मे, बुधवार
निगमचा इंजिनियर आला. मी एसी दाखवून राहिलो, तो ओटा पाहून राहिला. बुटानं टाईल ठोकून पाहिली. म्हणे, रस्त्यावरच्या झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळी पाहिजे, नियम आहे. सिमेंट नाही, टाईल नाही, खिळा तर नाहीच. मुळाले पाणी जाईल कुठून? मी म्हटलं, मी रोज ओटा धुतो. ते त्यानं वहीत लिहून घेतलं.

जाताना नोटीस देऊन गेला. आठवड्यात ओटा काढा. दीदी त्यांच्या फाटकातून छत्तीसगढीत म्हणाल्या, हव, मैं तो कब ले कहत रहेंव. म्हणजे, मी तर केव्हाची सांगून राहिली होती.

निश्चय: एक टाईल देणार नाही.

१५ मे
नोटिशीले कडक उत्तर पाठवलं. सोबतचे नियम पूर्ण वाचले नाही. वाचले की माणूस ढिला पडतो.

२० मे
बैठकीत आंदोलनाची घोषणा केली. निगमची गाडी आली की सगळ्यांनी ओट्यावर बसायचं. टाळ्या पडल्या. सुशील म्हणाला, श्यामकांतराव, आधी माझ्या अंगावरून जाईल, मग ओट्यावरून. डोळे भरून आले. असे मित्र पाहिजेत.

२२ मे, गुरुवार
आले. सकाळीच. मी जाऊन ओट्याच्या मधोमध बसलो. सुशीलले फोन केला. त्याचा गुडघा धरला होता. बाकीचे लग्नाच्या कपड्यासाठी पंडरीच्या कापडबाजारात गेले होते. सगळेच. कोणाचं लग्न, ते कळलं नाही.

इंजिनियर म्हणाला, काकाजी, आप आराम से बैठिए, हम उधर से शुरू करते हैं. तिकडून सुरू केलं. मंजिरीनं त्यांना चहा दिला. शत्रूले, आपल्या घरच्या कपात! ओटा कमी कमी होत गेला, मी हललो नाही. शेवटी माझ्या खालचाच तेवढा उरला. तेवढ्यात मंजिरीनं हाक मारली, बीपीची गोळी राहिली म्हणून. गोळी घेऊन आलो तर ओटा नव्हता.

हा पराभव नाही. मेडिकल कारण आहे.

सिमेंटखाली बुंध्याची साल काळी पडली होती. बोट लावलं तर गळून हातात आली. एसीनं इतक्या खालपर्यंत मार केला!

२ जून
झाडाजवळ खुर्ची टाकून एकट्याचं आंदोलन सुरू. माती मोकळी असल्यानं खुर्ची एका बाजूले कलते. मीही कललो, पण बसलो.

५ जून
बैठक विमला दीदींच्या ओसरीत भरून राहिली आहे. सुशील त्या पायऱ्या चढला. दुखऱ्या गुडघ्यानं. मंजिरी पण गेली, पोहे घेऊन. माझ्या घरचे पोहे! तिकडं पाहायचं नाही, असं ठरवलं. सगळे हसून राहिले होते. कशावर, ते इथून ऐकू येत नाही.

१९ जुलै, शनिवार
मंजिरीनं ओढत बाहेर नेलं. खालच्या फांदीले तांबूस पालवी. बारीक बारीक, लहान पोराच्या बोटांसारखी. ती म्हणे, पाहा, श्वास घेऊन राहिलं झाड. मी म्हटलं, घेणारच. माझं आंदोलन वाया जाते का?

निगमले लगेच लिहिलं. झाडाची तब्येत सुधारली आहे, तरी ओटा परत बांधून मिळावा.

२ ऑगस्ट
निगमचं उत्तर. ओटा मिळणार नाही. झाडाभोवती जाळी लागेल. देखभालीची जबाबदारी रहिवासी श्रीमती विमला यांच्याकडे, त्यांनी स्वतःहून अर्ज केला होता. झाड माझ्या फाटकासमोर, देखभाल त्यांची! उद्या जाऊन तोंडावर निषेध नोंदवणार. बसणार नाही. पाणी घेणार नाही. काय बोलायचं, ते आरशासमोर म्हणून पाहिलं.

३ ऑगस्ट, रविवार
संध्याकाळी गेलो. ओसरीत सारे होते. सुशील सरकला, एक खुर्ची मोकळी झाली. मी उभा राहिलो. दीदी म्हणाल्या, बैठो ना भैया, चहा गार होऊन राहिला. त्यांच्या तोंडून मराठी पहिल्यांदाच ऐकली. मंजिरीनं शिकवली म्हणे. दोन मिनिटं म्हणून बसलो.

त्या खुर्चीवरून झाड पूर्ण दिसते. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. वरच्या फांद्यांवर पण पालवी आली आहे, आमच्या बाजूनं ते दिसतच नाही. ओट्यावर मी झाडाले पाठ टेकून बसायचो, तोंड रस्त्याकडे.

सुशीलनं विचारलं, तब्येत कशी आहे. बरी आहे म्हटलं. मग त्यानं तत्कालचं तिकीट कसं काढायचं ते विचारलं. सांगता सांगता रस्त्यावरचे दिवे लागले.

निषेध नोंदवायचा राहून गेला.