तपासणाऱ्यांची तपासणी

आई, तू गेल्यापासून नोकरीतल्या गोष्टी घरी सांगायची माझी सवयच सुटली. मुलांना मराठी समजते, पण उत्तर हिंदीत येतं, आणि ही गोष्ट हिंदीत सांगायला गेले की सरकारी अहवाल वाचल्यासारखी वाटते. म्हणून तुला लिहून राहिले.

खमरियाच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. एके दिवशी माझ्या शाळेला सुट्टी होती आणि तू मला तुझ्या शाळेत घेऊन गेली होतीस, मझौलीच्या बसने, दोघी एकाच सीटवर. नेमके त्याच दिवशी जीपमधून शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी मुलांना उभं करून वाचायला लावलं, मुलं अडखळली, तुला सगळ्यांसमोर बोलले, आणि जाताना मला एक गोळी दिली. संध्याकाळी तू वांगी चिरते आहेस आणि मी सांगते आहे की साहेब किती चांगले होते. तू मागे न वळता म्हणतेस, "गोळी दिली म्हणून चांगला? मी त्याला काय मागितलं ते ऐकलंस का?" मी ऐकलं होतं. एका खोलीत दोन वर्ग कसे शिकवायचे हे दाखवायला कोणाला तरी पाठवा, असं तू म्हणाली होतीस. "देखते हैं," म्हणत ते जीपमध्ये बसले होते. कोणी आलं नाही. त्यानंतर गोड बोलणारा माणूस समोर आला की तू आधी त्याच्या हाताकडे बघायचीस, आणि तुझी ती नजर माझ्याकडे आली ती आजतागायत गेलेली नाही.

आता मी शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत आहे. गेल्या हिवाळ्यात मला एक वेगळंच काम मिळालं. शाळा तपासायची नव्हती, शाळांना मदत करायची जबाबदारी ज्यांची, ते ब्लॉकचं शिक्षण कार्यालय तपासायचं होतं. मागे पडलेल्या शाळांसाठी त्यांनी खरंच काही केलं का, हे पाहायचं. सोबत एक सहकारी होते, कागदाला पक्के आणि घड्याळाकडे बघणारे. मला ते काम मिळालं याचा आनंद झाला, आणि लगेच शंकाही आली की मलाच काहून दिलं?

कार्यालयात फुलांचे गुच्छ, गरम समोसे, भिंतीवर नवे तक्ते. तिथले अधिकारी पन्नाशीचे, हळू आवाजात बोलणारे. माझं आडनाव ऐकल्यावर मराठीवर आले. "आम्ही बी नागपूरकडचेच जी. माझे आजोबा इकडे आले." मला ते आवडायला हवं होतं. मी मनात म्हटलं, मराठी काढली, म्हणजे काहीतरी झाकायचं आहे. त्यांनी निवडलेल्या शाळांमध्ये आम्हाला नेलं. रंगवलेल्या भिंती, स्वच्छ गणवेश, आणि प्रत्येक मुख्याध्यापकाच्या तोंडी तेच वाक्य, "कार्यालय से समय-समय पर मार्गदर्शन मिलता है." मी विचारलं, शेवटचं कोण आलं होतं आणि वर्गात त्यांनी काय केलं? एक जण पंख्याकडे बघू लागला. दुसऱ्याने चहा मागवला. अधिकारी दाराशी उभे राहून रुमालाने चष्मा पुसत होते, आणि माझी खात्री पटली की हा माणूस कागदावरच शाळा सुधारतो.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. सहकारी म्हणाले, "मैडम, यह स्कूल सूची में नहीं है." मी म्हटलं, म्हणूनच. कच्च्या रस्त्याच्या टोकाला एक शाळा, एकच शिक्षिका, वयाने माझ्या मुलीएवढी, आणि एका खोलीत दोन वर्ग. ती आम्हाला बघून उभी राहिली, पण हसली नाही. मी विचारलं, कार्यालयातून कोणी येतं का? ती म्हणाली, "आप किसको फँसाने आई हैं, दीदी?" मी अधिकाऱ्यांवर संशय घेऊन आले होते आणि तीच माझ्यावर घेत होती. मी लहान वर्गातल्या मुलांजवळ जमिनीवर बसले आणि त्यांचं वाचन ऐकू लागले. मुलं वाचत होती, आई. अडखळत, बोट ठेवून, पण समजून वाचत होती. मोठी मुलं लहानांच्या जोडीला बसवली होती, आणि ती आपसात विचारत होती, इथे काय लिहिलंय, का लिहिलंय.

मधल्या सुट्टीत ती आपणहून बोलली. अधिकारी स्वतःच यायचे, आपल्या मोटरसायकलवर, तिच्यासोबत वर्ग घ्यायचे. दोन वर्ग एकत्र कसे बसवायचे हे त्यांनीच करून दाखवलं होतं. अशा आणखी काही शाळांमध्ये जायचे. पण त्यांच्याकडून वरचे लोक हिशेब मागायचे तो वेगळाच. रोज अनेक शाळांच्या फाटकाशी उभं राहून मोबाइलवर फोटो टाकायचा, त्याला भेट म्हणायचं. एका वर्गात पूर्ण दिवस घालवला की ते फोटो राहून जायचे.

परत येऊन मी त्यांना एकटं गाठलं. "हे काहून नाही सांगितलं तुम्ही?"

त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. मग म्हणाले, "तुम्ही तपासायला आल्या न जी. मदत करायला आल्या असत्या तर सांगितलं असतं."

मी सगळं जसंच्या तसं अहवालात लिहिलं. सहकारी म्हणाले, "इसका कॉलम ही नहीं है, मैडम. बेचारे को नोटिस मिल जाएगा." तरी त्यांनी सही केली, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. नोटीस आलीच, फोटोवाल्या भेटी कमी का म्हणून. मग मी वरच्या कार्यालयात जाऊन बसले, एका दालनातून दुसऱ्या दालनात, जोवर ती मागे घेतली गेली नाही तोवर. परवा त्या शिक्षिकेचा फोन आला. साहेब अजून येतात. आधी फाटकाशी फोटो काढतात, मग वर्गात शिरतात, आणि पूर्वीपेक्षा लवकर निघतात, कारण पुढच्या फाटकाशी पोचायचं असतं. एवढंच बदललं.

हे कागद मी घडी करून कपाटात तुझ्या साड्यांखाली ठेवणार आहे. पण त्याआधी एक सांगते, जे अहवालात नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. त्या दिवशी सगळं सांगून शिक्षिका पाणी आणायला गेली तेव्हा मी एका लहान मुलीला हळूच विचारलं, साहेब खरंच येतात का? तिने मान हलवून हो म्हटलं, आणि क्षणभर मी हिरमुसले. तो माणूस खोटा निघाला असता तर मला बरं वाटलं असतं, आई.