वाचले असे समजून

दि. ४ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुमच्याकडचं साप्ताहिक कालच्या टपालाने आलं. दिवसभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधून डोळे शिणतात, पण तुमच्या पालिकेच्या बातम्या वाचल्या की सगळा शीण जातो. पुलाला म्हणे 'तत्त्वतः' मंजुरी मिळाली. गेल्या वर्षीही तत्त्वतःच मिळाली होती, तेव्हा एव्हाना त्यावरून तत्त्वतः गाड्याही जात असतील. पाणीगळतीचा अहवाल का लांबला याचा अहवाल द्यायला समिती नेमली, हे वाचून तर मी एकटीच खो खो हसले.

नव्या नगराध्यक्षांनी रिक्त पदं भरल्याचा फोटोही पाहिला. रुजू झालेल्यांची नाकं एकाच घरातली दिसतात. त्यात तू कुठे नाहीस. सतरा वर्षं सभेचं इतिवृत्त लिहितोस आणि अजून हंगामीच! तू कधी कायम होणार रे?

बाबांच्या खुब्याचं हाड जुळेपर्यंत त्यांना हलवायचं नाही, हे लक्षात ठेव. ऑफिस आणि त्यांचं अंथरूण, दोन्ही तू एकटा सांभाळतोस, या विचाराने मला इथे घास गोड लागत नाही.

माया आहेच, ती वाढती राहो.
ताई


दि. ११ जून

ती. ताईस,
सा. न.

बाबा बरे आहेत. उशी सरळ केली नाही म्हणून सकाळीच माझ्यावर खेकसले, म्हणजे नक्कीच बरे आहेत.

आमच्याकडे इतिवृत्त दर सभेला कायम होतं, लिहिणारा मात्र होत नाही. सगळ्या यादीत माझं एकच पद रिक्त राहिलंय. त्या रिक्त पदाच्या खुर्चीत मी रोज दहाला येऊन बसतो.

पूर्वी मागच्या सभेचं इतिवृत्त मी उभा राहून वाचायचो, मग कोणी हरकत घ्यायचं, मग ते कायम व्हायचं. नव्या साहेबांना वेळ नाही. 'वाचले असे समजून कायम' एवढं म्हणतात आणि पान उलटतं. कोणी खरंच वाचतं का ते बघावं म्हणून मी मध्येच एक ओळ घुसवली: बाजारचौकातील घड्याळ चालू असल्याचे सभेस अवगत करण्यात आले. सोमवारी ती कायम झाली.

ताई, संध्याकाळी घरी येताना पाहिलं तर घड्याळ चालू होतं. समोरच्या घड्याळजींना विचारलं, कोणी दुरुस्त केलं? ते म्हणाले की ते कधी बंदच नव्हतं, तीस वर्षं ते त्याच्यावरूनच वेळ लावतात. बाबाही तेच म्हणाले, वर माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. ते बंद होतं ना गं?

उत्तराची वाट पाहणारा,
धाकटा


दि. १७ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

बंद होतं म्हणजे काय, आपल्या शाळेपासून सव्वाचारवर अडकलं होतं! उशीर झाला की चौकात अजून सव्वाचारच वाजलेत असं बाईंना सांगून तू छड्या खाल्ल्या आहेस. मला लख्ख आठवतं.

आधी वाटलं, तू माझी फिरकी घेतोयस. मग वाटलं, एवढं जमतंय तर गळतीही थांबवून टाक, समितीचा चहा वाचेल. पण पत्र पुन्हा वाचलं आणि अंगावर काटा आला. छापखान्यात मी एकच गोष्ट शिकले, मुळात नाही ते मजकुरात घालू नये. पुन्हा असलं काही करू नकोस. माझी शपथ आहे.

रागावते ती प्रेमापोटीच, हे जाणून असावे.
ताई


दि. २ जुलै

ती. ताईस,
सा. न.

तुझी शपथ पोचली तेव्हा उशीर झाला होता. गळतीची ओळ मी तुझं पत्र यायच्या आधीच लिहून बसलो होतो. आता इथे गळती कधीच नव्हती. समितीच्या दारावरची पाटीही नाही, आणि त्या खोलीत झाडू ठेवतात. परगावचा एक फिरता विक्रेता चौकात घड्याळाकडे बघून चपापला, हे बंद होतं ना, असं मला म्हणाला. चहा घेईपर्यंत तोही विसरला. ठराव हद्दीपुरता लागू असतो, ताई. तू हद्दीबाहेर आहेस म्हणून तुला आठवतं. मला आठवतं, कारण अक्षर माझं आहे.

आता खरं सांगतो. पाण्याच्या चाव्या फिरवणारे काका वारले, असं साप्ताहिकात आलं म्हणून मागच्या सभेत दुखवटा झाला. दुखवट्याचा नमुना छापील असतो. पालिका माणसाला नावाने ओळखत नाही, नुसता हुद्दा भरायचा. माझ्या डोक्यात बाबांची औषधं होती. 'माजी चावीवाले' लिहायच्या जागी मी 'माजी फोरमन' लिहून गेलो. साहेबांची सही झाली आणि प्रतीही वाटल्या गेल्या.

माजी फोरमन गावात एकच आहेत, आपले बाबा.

दुसऱ्याच दिवशी चावीवाले काका स्वतः ऑफिसात येऊन मला फैलावर घेऊन गेले. डोळ्याचं ऑपरेशन करायला लेकीकडे गेले होते. म्हणजे मेलं कोणीच नाही, पण दुखवटा मंजूर आहे. वीस तारखेला सभा आहे. वाचले असे समजून ते कायम होईल, आणि मला सभेत तोंड उघडायचा अधिकार नाही. काय करू?

तुझा,
धाकटा


दि. ६ जुलै

चि. धाकट्यास,
अ. आ.

आधी बाबांना हद्दीबाहेर काढ, गाडी करून माझ्याकडे घेऊन ये. ते नाहीच जमलं तर कोणा सदस्याचे पाय धर आणि त्याला दुरुस्ती सुचवायला लाव.

तेही नाही जमलं तर शुद्धिपत्र जोड. आमच्याकडे पुस्तक बांधून झाल्यावर चूक सापडली की हाच उपाय. अमुक ऐवजी तमुक वाचावे. चावीवाल्यांना मात्र पुन्हा घालू नकोस, त्या बिचाऱ्याने काय पाप केलंय? ज्या पदावर कोणीच नाही असं एखादं पद घाल. जिथे माणूसच नाही तिथे मरणार कोण?

बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. उलट टपाली लिही.

जीव टांगणीला लागलेली,
ताई


दि. १४ जुलै

ती. ताईस,
सा. न.

डॉक्टर म्हणाले, आपल्या रस्त्यांवरून हद्दीपर्यंत नेलं तर हाडाचा भुगा होईल. बाबांचं म्हणणं वेगळंच, ज्या गावात नळ घातले तिथून ते कुठे हलणार नाहीत. चार सदस्यांना भेटलो. तिघे भेटले नाहीत असं समजावं. चौथे म्हणाले, दुरुस्ती सुचवायची तर आधी वाचावं लागेल, आणि एकाने वाचलं की बाकीच्यांवरही वेळ येते.

शेवटी तुझंच ऐकलं. लेखनिकाच्या सहीने शुद्धिपत्र जोडता येतं. त्यात यादीतलंच पद लागतं. बाकी सगळ्या पदांवर साहेबांचे मेहुणे आणि भाचे बसलेत. त्यांच्यावर माझा राग आहे, पण इतका नाही. 'माजी फोरमन ऐवजी सभालेखनिक असे वाचावे' असं लिहून आज टाचणी लावली.

घाबरू नकोस. मी त्या पदावर नाहीच. ते पद माझं आहे असे सतरा वर्षं मी अर्ज केले, आणि नाही म्हणून सतरा वर्षं त्यांनी लेखी कळवलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय की त्यांचंच खरं असू दे.

बाबा आत्ता झोपलेत. झोपेत त्यांचा चेहरा अगदी तुझ्यासारखा दिसतो. तेवढ्यासाठी काहीही करावंसं वाटतं.

तुझा लोभ आहे, तोवर मी आहे.
धाकटा


दि. २८ जुलै

चि. पोरीस,
अ. आ.

तुझी ओळीने तीन पत्रं आली. मी खणखणीत आहे, चिंता नसावी. तू विचारतेस त्या वीस तारखेला उलट बरंच वाटलं.

पण तू हे काय लिहिलंस, धाकटा कसा आहे, त्याला जपा, त्याला पत्र लिहायला सांगा? कोण धाकटा? तू आमची एकुलती एक. छापखान्यात फार काम पडतं का? सुट्टी घे.

पालिकेच्या करामती चालूच आहेत. साप्ताहिकात आलंय की सभेने सभालेखनिकाच्या निधनाबद्दल दोन मिनिटं उभं राहून शोक केला. माझ्या आठवणीत त्या पदावर कधी कोणी नव्हतंच! इतिवृत्त मात्र मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं असतं म्हणे. कोण लिहितं, देव जाणे.

एक गोष्ट तुला म्हणून सांगतो. वीस तारखेनंतरचे पहिले चार-पाच दिवस सकाळी उशी सरळ केलेली असायची, औषधाच्या गोळ्या बशीत काढलेल्या असायच्या. मी म्हटलं, शेजारीण येऊन जात असेल. ती नाही म्हणते. परवापासून तेही बंद झालं, पाण्याच्या तांब्यापर्यंत हात पोचत नाही. आणि मी अधूनमधून अरे, अशी हाक मारतो. मारल्यावर कळत नाही, कोणाला मारली. मग उगाच डोळे भरून येतात. म्हातारपण, दुसरं काय.

जमलं तर चार महिने येऊन राहा.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
बाबा


दि. २ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. आ.

हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकायचं तेही कळत नाही. तरी लिहिते, कारण लिहीत असेपर्यंत तू आहेस असं वाटतं.

उपाय मीच सांगितला. माणूस नसलेलं पद घाल म्हणाले, आणि त्या खुर्चीत माझा भाऊ बसतो हे सतरा वर्षं माहीत असून त्या क्षणी सुचलं नाही. तुला मात्र सुचलं होतं. ते नाहीच म्हणतात, म्हणून मला काही होणार नाही, हे तू मला समजावत होतास की स्वतःला, एवढं तरी सांगायचं होतंस.

बाबांना एकटं ठेवता येत नाही. मी निघाले आहे. विक्रेत्याचं तू लिहिलं होतंस ते पाठ झालंय मला, म्हणजे फार तर एक चहा होईपर्यंत. मग मीही बाबांची एकुलती एक मुलगी. तुझी पत्रं बरोबर न्यावीत की नाही, यावर काल दिवस घालवला. तिकडे नेली आणि त्यांवरची अक्षरं गेली तर? इथेच कुलपात ठेवली आहेत. वर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: परत आलीस की हे वाच. कोणाचं आहे ते आठवलं नाही, तरी वाच.

उशी सरळ करीन. गोळ्या वेळेवर देईन. त्यांनी अरे म्हणून हाक मारली, तर ओ देईन.

दोन वाजताची गाडी आहे. खिडकीशी बसून तुझं नाव घेत राहीन.

हद्दीच्या दगडापर्यंत तुझी,
ताई