न वाजलेला फोन

१६ मे २०२५, शुक्रवार

आज पुन्हा फोनवर खरखर. ट्रान्सपोर्टच्या या ऑफिसात आलेला प्रत्येक फोन आधी माझ्या टेबलावर वाजतो, मग मी तो आत जोडून देते. अठरा वर्षं हेच काम. भिंतीवरची एक्स्चेंजची पेटी दुपारी हात लावू देत नाही, इतकी तापते. मॅनेजर सुशील सरांना सांगितलं. म्हणाले, "बोलणं होऊन राहिलं ना? मग चालू द्या." लेखी तक्रार द्यायला हवी होती. दिली नाही.

१९ मे, सोमवार

दिवसभर एकही फोन नाही. शांत गेला. टेबलावर बसूनच अख्खी गवार निवडून झाली.

२० मे, मंगळवार

आमचे ड्रायव्हर रुपराव गेले.

काल अमरावतीहून माल घेऊन येत होते. तळेगावजवळ ट्रक कडेला नीट लावलेला, इंडिकेटर चालू. केबिनमध्येच सापडले. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. चोपन्न वर्षांचे होते.

सुशील सर जाऊन आले. पोलिसांनी रुपरावांचा मोबाईल दाखवला — दुपारी दोन ते अडीच, ऑफिसच्या नंबरवर सात फोन. वाटेत अडचण आली तर ऑफिसलाच कळवायचं, हा सरांचाच नियम. माझ्या टेबलापुढे उभे राहून म्हणाले, "कामिनीताई, काल दुपारी कुठे होत्या तुम्ही?"

इथेच होते. इथेच!

२१ मे, बुधवार

मेकॅनिक नानाजी आले. पेटी उघडली. आत एक कॅपॅसिटर फुगून फुटलेला.

"येणाऱ्या फोनची घंटी मशीन पकडतच नव्हतं," म्हणाले.

मी म्हटलं, सोमवारी मी स्वतः दोन फोन लावले. लागले की.

"जाणारे लागतात, ताई. येणारा तिकडं वाजते, इकडं वाजत नाही. करणाऱ्याले वाटते, कोणी उचलून नाही राहिलं."

बोटाच्या पेराएवढा भाग. वीस मिनिटांत बदलून झाला. लगेच फोन वाजला. माझा हात पुढे होईना.

२३ मे, शुक्रवार

सर म्हणाले, "रुपरावच्या घरच्यांजवळ मशीनचं काही काढू नका. कंपनीवर येईल." मी मान हलवली. का हलवली?

२६ मे, सोमवार

रुपराव फोनवर नेहमी आधी विचारायचे, "ताई, जेवल्या का?" मग गाडी कुठे आहे ते सांगायचे. सातव्या वेळी त्यांना काय वाटलं असेल? की ही बाई मुद्दाम उचलत नाही?

आणि मी गवार निवडत होते.

२९ मे, गुरुवार

त्यांची खोली इथेच, वाडीत, गोदामांच्या मागे. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. परत आले.

१ जून, रविवार

आज गेलेच. रुपरावांच्या बायकोने, भागीरथाबाईंनी, पाणी दिलं. डोळे कोरडे. बोलायला सुरुवात त्यांनीच केली.

"त्यायनं मले फोन केला होता, ताई. पावणेतीनले. म्हणे, छातीत जळजळते. म्या म्हटलं, जेवण बाधलं असंल, गाडी लावा न् पडा जरासे. पडा म्हटलं म्या! दवाखान्यात जा म्हटलं असतं तं... म्याच मारलं त्यायले. पोरीलेबी नाही सांगितलं अजून."

मग मी सगळं सांगितलं. दोन ते अडीचमधले सात फोन, मशीन, मी न दिलेली तक्रार. सरांनी बोलू नका म्हटलं, तेही. उद्या नोकरी राहील, न राहील.

त्या हळूच म्हणाल्या, "मंग तुमाले आधी लावला होता?"

"हो."

"सात खेपा?"

"हो."

"म्हंजे त्यायले समजलं होतं, साधं दुखनं नाही. मले नाही सांगितलं. मी घाबरीन म्हनून."

आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा त्या रडल्या. माझा हात धरून.